रब अल खालीच्या काठावर : वारा, उतार आणि कॅमेरा

वाळवंटी_वाटसरू (अबुधाबी)

लिवाचे फोटो टाकल्यापासून व्यनिमध्ये (खाजगी निरोपांत) एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, "कॅमेरा कुठला?" त्याचं उत्तर एका ओळीत संपतं. जुना आहे, आता फक्त सेकंडहँड मिळतो. ज्याचं उत्तर एका ओळीत संपणार नाही ते मात्र कुणी विचारत नाही: तिथे उभं कुठे राहायचं, कधी राहायचं आणि वारा सुटला की काय करायचं. म्हणून हा धागा.

आधी जागा. रब अल खाली म्हणजे अरबस्तानच्या दक्षिणेतला वाळूचा सलग पट्टा, साधारण साडेसहा लाख चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र दोनदा मावेल आणि वर थोडी जागा उरेल. सौदी, ओमान, येमेन आणि अमिरात अशा चार देशांत तो पसरलाय. लिवा हे त्याच्या उत्तर काठावरचं खजुराच्या बागांचं ओअसिस, अबुधाबी शहरापासून गाडीने सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. त्याच्या दक्षिणेला तल मोरीब नावाची अवाढव्य टेकडी आहे, उंची ३०० मीटरच्या आसपास सांगतात. हिवाळ्यात तिथे गाड्यांच्या शर्यतींचा महोत्सव भरतो. त्या काळात फोटोसाठी फिरकू नका, टेकडीपेक्षा टायरच्या खुणाच जास्त दिसतात.

आता वारा. इथे वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला शमाल म्हणतात. शमाल सुटला की लोक कॅमेरे पिशवीत घालून हॉटेलकडे वळतात, आणि माझं नेमकं याच्याशीच भांडण आहे. वाळवंटाचा चांगला फोटो वाऱ्यातच मिळतो, किंवा वारा पडल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मिळतो. वाऱ्याने पावलं पुसलेली असतात, टायरच्या खुणा गेलेल्या असतात, लहरींच्या रेघा नव्याने आखलेल्या असतात. ऐन वाऱ्यात टेकडीच्या धारेवरून वाळूचा पदर उडत असतो. सूर्य समोर ठेवून तो टिपला की चमकतो. शटर १/१००० सेकंद ठेवलं तर कण सुटे दिसतात, १/१५ ठेवलं तर धूर दिसतो. मला धूर आवडतो.

लेन्सबद्दल एवढंच, की वाळवंट म्हटल्यावर सगळे वाइड अँगल घेऊन येतात आणि घरी जाऊन म्हणतात, "टेकड्या फोटोत बुटक्या का दिसतात?" ७०-२०० मिमीची झूम घ्या. लांबून टिपलं की एकामागची एक धार जवळ येते, आणि खरा आकार तेव्हा कळतो.

एक्स्पोजर: वाळू उजळ असते, कॅमेऱ्याचा प्रकाशमापक तिला करडी समजून फोटो अंधारा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१ ठेवा. लिवाची वाळू लालसर आहे, कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. त्यामुळे सूर्योदयाला लाल चॅनेल आधी फुटतो (लाल रंगातला तपशील जळतो) आणि एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, मात्र "सगळं ठीक" म्हणत राहतो. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे दाखवायची सोय कॅमेऱ्यात असते, ती चालू करा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, सकाळचा केशरी रंग तो "सुधारून" टाकतो. ५५०० केल्व्हिनच्या आसपास पक्का करा. सावल्या निळसर येतील. येऊ द्या, त्यांना उजेड निळ्या आकाशाचाच मिळतो.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. थार, नामिब, कच्छ कुठलेही अनुभव चालतील.

आळशीराजा

पहिला नंबर! वाटसरू, फोटो जबरी. पण अडीचशे किलोमीटर जाऊन, पहाटे उठून, तोंडात वाळू घालून घ्यायची? मी सोफ्यावरून बघेन. मोबाइलवाल्यांसाठी काही आहे का, की आम्ही निघावं?

वाळवंटी_वाटसरू

निघू नका राजे. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते, म्हणून पुन्हा तोच बुटकेपणा येतो. दोन पट-तीन पट वाली दुसरी लेन्स असेल तर ती वापरा. उन्हात फोन तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग कॅमेरा बंद पडतो, म्हणून दोन फोटोंच्या मध्ये सावलीत ठेवा. आणि वाळूत थोडे काळे लोहकण असतात. ते फोनच्या स्पीकरला आणि मागच्या चुंबकी कड्याला जाऊन चिकटतात आणि फुंकून निघत नाहीत. चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी लावा. चुंबकाने बसणारे फिल्टर वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

भूगोलवेडा (कोल्हापूर)

वाऱ्याच्या मुद्द्याला जोड देतो. बॅगनॉल्ड नावाचा एक ब्रिटिश लष्करी अभियंता १९३० च्या आगेमागे इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात गाड्या घेऊन फिरला. परत येऊन त्याने वाऱ्याच्या बोगद्यात वाळूवर प्रयोग केले आणि १९४१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. वाळू कशी उडते याचं आपलं बरंचसं ज्ञान त्याच्यापासून सुरू होतं. वारा ताशी साधारण २० किलोमीटरच्या पुढे गेला की कण हलायला लागतात. ते तरंगत नाहीत, टुणटुण उड्या मारत जातात. एक कण पडताना दुसऱ्याला उडवतो. या उड्यांपैकी बहुतेक गुडघ्याच्या खालीच संपतात.

कॅमेरावाल्यांनी यातून काय घ्यायचं? लहरी जवळून दिसाव्यात म्हणून ट्रायपॉड जमिनीलगत पसरून जे लोक बसतात, ते वाळूच्या ऐन माऱ्यात बसलेले असतात. वाऱ्यात कॅमेरा छातीच्या उंचीवर न्या, निम्मा त्रास कमी होतो. धारेवर मात्र हा नियम लागू नाही, तिथे वारा चढ चढून आलेला असतो आणि वाळू थेट तोंडावर फेकतो.

दुसरी गोष्ट उतारांची. वाऱ्याकडची बाजू हलक्या चढाची असते, दहा-पंधरा अंश. मागची बाजू घसरडी. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा उभी राहतच नाही, जास्त झाली की घसरून पुन्हा तेवढ्यावर येते. आता सूर्याचं गणित करा. घसरडा उतार सूर्याच्या विरुद्ध दिशेला असेल, तर सूर्य ३४ अंश वर येईपर्यंत तो पूर्ण सावलीत राहतो. अर्धी टेकडी उजेडात, अर्धी काळी, मध्ये सुरीसारखी धार, असा जो फोटो सगळ्यांना हवा असतो तो या एका आकड्यावर चालतो. उजेड "गोड" आहे का हे बघण्याआधी होकायंत्र काढा आणि उताराचं तोंड कुठे आहे ते बघा.

वाळवंटी_वाटसरू

भूगोलवेडा, हे सोनं आहे. लिवाला लावून सांगतो. इथला मुख्य वारा उत्तर-वायव्येचा, त्यामुळे मोठ्या टेकड्यांचे घसरडे उतार बहुतेक दक्षिणेला तोंड करून आहेत. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेतच असतो, म्हणजे ते उतार उजेडातच राहतात. काळ्या-पांढऱ्या धारेची वाट बघत बसलात तर हाती काही लागणार नाही. त्याऐवजी बारखाणाची शिंगं शोधावीत. चंद्रकोरीच्या आकाराची टेकडी असते ना, तिची दोन टोकं वाऱ्याच्या दिशेला लांब गेलेली असतात, इथे म्हणजे दक्षिणेला. त्यांची धार उत्तर-दक्षिण जाते, त्यामुळे सकाळी एक बाजू उजळते आणि दुसरी काळी राहते.

उलट जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि मोठे उतार सकाळ-संध्याकाळ आपोआप काळे मिळतात. पण जूनमध्ये इथे कोण उभं राहणार? आणि कर्कवृत्त लिवाच्या अगदी जवळून जातं, म्हणजे जूनच्या दुपारी सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली, फोटो सपाट. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४३ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे सकाळी दहापर्यंत बिनधास्त काम करता येतं.

मोरपंखी (पुणे)

वाचतेय आणि नोंदी काढतेय. आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेरला जातोय. सोबत सासूबाई, नवरा आणि आठ वर्षांची लेक. माझ्याकडे २४-७० आणि ७०-३०० आहे. सम की खुरी? आणि ऊन-वारा डिसेंबरात कितपत असतो?

थारकर (जोधपूर)

मोरपंखी ताई, नोकरीमुळे मी इकडेच असतो, म्हणून सांगतो. सम जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला, खुरीही साधारण तितकीच पण नैऋत्येला. सासूबाई आणि लेक सोबत असतील तर रस्ता, जेवणखाण आणि मुक्कामाच्या सोयी समला जास्त. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात समला संध्याकाळी वाळू दिसतच नाही. माणसं, उंट, जीप आणि डीजे दिसतात. मुक्काम कुठेही करा, फोटो मात्र सूर्योदयाला काढा. रात्रीची मंडळी तेव्हा झोपलेली असतात.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. थारमध्ये मोठा वारा एप्रिल ते जुलैचा, नैऋत्येकडून येणारा. हिवाळ्यात वारा पडलेला असतो, त्यामुळे कालची, परवाची, तेरवाची पावलं तशीच राहतात. मे-जूनमध्ये आंधी रोज पाटी कोरी करते, पण तेव्हा लू वाहत असते. आपल्याच भागात, फलोदीला, १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदवले गेले होते, भारतातला तो उच्चांक आहे. म्हणजे माणसाला बरं वाटतं तेव्हा वाळू खराब, आणि वाळू चांगली असते तेव्हा माणूस खराब. मधला मार्ग मार्च अखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा. वारा सुरू झालेला असतो, पारा अजून आवाक्यात असतो आणि पर्यटक गेलेले असतात.

डिसेंबरातच जाणार असाल तर उंटवाल्याला सांगा, "जहाँ कोई नहीं जाता उस धोरे पे ले चलो." टेकडीला इकडे धोरा म्हणतात. रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटर आत गेलं की चित्र बदलतं. आत सेवण गवत आहे, फोगाची झुडपं आहेत, आपली रुई आहे. नुसत्या वाळूपेक्षा त्यांच्यासकट फोटो जास्त खरे येतात. थार काही ओसाड वाळवंट नाही, त्यात गावं आहेत, शेती आहे, मेंढरं आहेत.

आणि हो, भूगोलवेडांचं गणित इथे उलटं बसतं. वारा नैऋत्येचा, म्हणून घसरडे उतार ईशान्येला. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे मावळतो. म्हणजे काळी-उजळ धार समला संध्याकाळी मिळते, आणि संध्याकाळीच गर्दी असते. नशीब! सकाळी उतार उजळलेले असतात, तेव्हा त्यांवरच्या घसरणीच्या रेषा टिपा.

आळशीराजा

"वाळू चांगली असते तेव्हा माणूस खराब." हे वाक्य मी स्टेटसला लावतोय, नाव देऊन.

काचकाम (पुणे)

कॅमेरा दुरुस्ती हा माझा धंदा. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की राजस्थानातून आलेली गिऱ्हाइकं रांगेत असतात, म्हणून हा प्रतिसाद.

वाळू आणि धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळूचा कण मोठा, तो झूमच्या आणि फोकसच्या कड्यात अडकतो आणि कडं फिरवलं की करकर आवाज येतो. धूळ बारीक, ती सेन्सरवर बसते. पहिल्याचा खर्च जास्त, दुसऱ्याची डोकेदुखी जास्त.

लांब होणारी झूम लेन्स बाहेर येताना हवा आत ओढते, हवेबरोबर धूळही. वाऱ्यात सतत आतबाहेर करू नका. एक फोकल लेंग्थ ठरवा आणि पायाने झूम करा. लेन्स बदलायचीच असेल तर गाडीत, काचा वर करून, एसीचा पंखा बंद करून. दोन बॉडी असतील तर प्रश्नच मिटला. "वेदर सीलिंग आहे हो माझ्या कॅमेऱ्याला" म्हणणाऱ्यांना सांगतो, ते पावसाच्या चार थेंबांसाठी आहे. वाळूने आत झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, कार्ड नीट वाचा.

करकर ऐकू आली तर थांबा. फिरवून "मोकळं" करायला जाऊ नका. तेलाचा स्प्रे तर मुळीच नको, वाळू आणि तेल मिळून घासायची पेस्ट तयार होते. लेन्स उलटी धरून मऊ ब्रशने झटका, हवेच्या रबरी फुग्याने फुंका, आणि तशीच पिशवीत बंद करून आणा.

पुढच्या काचेवर वाळू बसली की शर्टाच्या टोकाने पुसणारे महाभाग आहेत. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मापावर ७. काच त्याहून मऊ. पुसलं की कोटिंगवर कायमचे ओरखडे. आधी फुंका, मग ब्रश, कापड सर्वांत शेवटी. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. डब्यातला दाबाचा स्प्रे सेन्सरवर कधीच मारू नका, त्यातलं द्रव काचेवर डाग पाडतं.

एवढ्यासाठी महागड्या पिशव्या लागत नाहीत. आंघोळीची प्लास्टिक टोपी, दोन रबरबँड, झिपची पिशवी आणि लेन्सपुढे साधा पारदर्शक फिल्टर. फिल्टर फुटला तर फुटला.

डॉ_सातपुडा

कॅमेऱ्याची काळजी घेणारे खूप दिसले. माणसाकडे कुणी बघितलं नाही, म्हणून लिहितो.

कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हे कळतच नाही. तहान लागेपर्यंत थांबू नका. उन्हात वाळूवर चढ चढत असाल तर तासाला अर्धा ते एक लिटर धरून चला. नुसतंच पाणी ढोसणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू.

डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे हा पहिला इशारा. सावलीत जा, काम बंद. माणूस असंबद्ध बोलायला लागला, भांडायला लागला, अडखळायला लागला तर तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. त्वचा कोरडीच असेल असं नाही, घामेजलेली असली तरी उष्माघात असू शकतो. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मान-काख-जांघेत ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. पोटासाठी राबणाऱ्याला जे करू देत नाहीत ते आपण हौसेपायी करायचं का, याचा विचार करावा. वाळूचा पृष्ठभाग उन्हाळ्यात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. गुडघा टेकून फोटो काढताना भाजणं होतं.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं लवकर तापतात. मोरपंखी ताई, डिसेंबरात उन्हाची भीती नाही, पण रात्री कडाक्याची थंडी पडते. सासूबाईंना पहाटे धोऱ्यावर नेणार असाल तर कानटोपी, हातमोजे आणि गरम पाण्याची बाटली.

वाळवंटी_वाटसरू

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. मीही जून ते सप्टेंबर लिवाला जात नाही, आणि कुणी गेलं म्हणून त्याचं कौतुकही करत नाही.

गाडीबद्दल राहिलं होतं. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा ३५ वरून १५ पीएसआयच्या आसपास उतरवतात, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी तरंगते. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी पुन्हा भरायची, त्यासाठी कॉम्प्रेसर जवळ हवा. घसरड्या उतारावरून उतरताना गाडी सरळ खाली, तिरकी कधीच नाही, तिरकी उलटते. एकट्या गाडीने आत जायचं नाही. घरी कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगून निघायचं. नकाशा आधीच उतरवून ठेवायचा, कारण आत सिग्नल नसतो आणि सगळ्या टेकड्या एकसारख्या दिसतात. टेकड्यांच्या मधल्या सपाट, पांढऱ्या खारट जमिनीला सबखा म्हणतात. वरून कडक, खाली चिखल. फोटोला सुंदर, चाकांना घातक.

सातासमुद्रापार

आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटावर दोन शब्द. सॉससव्लेईला गेलो होतो तेव्हा एक गोष्ट आधी माहीत असायला हवी होती असं वाटलं. सेस्रिएमचं, म्हणजे उद्यानात शिरायचं, फाटक सूर्योदयाला उघडतं आणि टेकड्या आत ६० किलोमीटरवर. म्हणजे बाहेर मुक्काम केला तर सूर्योदय रस्त्यातच होतो. फाटकाच्या आत राहिलं की तासभर आधी सोडतात. पैसे जास्त जातात, पण फोटो त्या तासातच आहेत. फाटकापासून ४५ किलोमीटरवर जी टेकडी आहे तिचं नावच "ड्यून ४५". तिथे सगळे थांबतात. डेडव्लेईला थेट गेलात तर पांढरी माती, काळी वाळलेली झाडं आणि मागे केशरी उतार असं मिळतं, तेही ऊन मातीपर्यंत पोचायच्या आत. झाडं मेलेली आहेत आणि काही शतकं तशीच उभी आहेत, कुजण्याइतका ओलावाच नाही. त्यांना हात लावू नका, टेकू तर मुळीच नका.

मोरपंखी

ओलाव्यावरून आठवलं. लिवाच्या फोटोंत टेकड्यांच्या मधे ढग आहेत, ते काय आहे? एडिट?

वाळवंटी_वाटसरू

एडिट नाही ताई, धुकं आहे. हिवाळ्यात आखाताकडून दमट हवा आत येते, रात्री वाळू झपाट्याने गार होते आणि पहाटे खोलगट भागात धुकं साचतं. उंच धारा तेवढ्या वर राहतात. सूर्य वर आला की ते विरतं, म्हणून अंधारातच चढून तयार बसावं लागतं. आदल्या दिवशी हवामानाच्या ॲपवर आर्द्रता आणि दवबिंदू बघायचे. दवबिंदू आणि रात्रीचं किमान तापमान जवळजवळ सारखं दिसलं आणि वारा पडलेला असला, तर गजर लावायचा.

बाहेरची हवा दमट आणि खोलीपेक्षा उबदार असेल तर आणखी एक भानगड होते. एसी लावलेल्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर बाष्प धरतं आणि तुम्ही पुसत बसता. बंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. दव पडलेली वाळू गडद दिसते आणि तिच्यावरची पावलं आणखी ठळक उमटतात. त्यामुळे चढताना फ्रेमच्या मागच्या बाजूने चढायचं. मी तरी आधी लांबून फोटो काढतो आणि मगच वाळूवर पाय ठेवतो.

भूगोलवेडा

व्हिडिओवाल्यांसाठी: घसरड्या उतारावरून कोरडी वाळू सरकली की काही ठिकाणी टेकडी घुमते, विमान लांबून चालल्यासारखा खोल आवाज. ओमान आणि मोरोक्कोमधल्या टेकड्यांवर अभ्यासकांनी तो नोंदवलाय. वाळू पूर्ण कोरडी आणि एकसारख्या कणांची लागते, म्हणून दवाच्या सकाळी ऐकू येणार नाही. माइकवर केसाळ टोपी घाला, नाहीतर नुसता वाऱ्याचा फरफराट.

आळशीराजा

ड्रोनचं काय? (माझ्याकडे नाही. पुतण्याकडे आहे.)

थारकर

पुतण्याला सांगा, जैसलमेरकडे ड्रोन आणू नकोस. सीमेचा जिल्हा, शहरालगत वायुदलाचा तळ. परवानगीशिवाय उडवलं तर फोटो राहतील बाजूला, चौकशीला उत्तरं देत बसावं लागेल. शिवाय सम-खुरीचा बराच भाग मरू राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो, ३१६२ चौरस किलोमीटरचं. आपला माळढोक, इकडचा गोडावण, उरलासुरला बहुतेक इथेच आहे. ड्रोनचा आवाज त्याला नको. जीपने धोऱ्यावर धिंगाणा घालणाऱ्यांनाही माझी हीच विनंती असते. गवत तुटलं की वाळू मोकळी होते आणि मागच्या गावाच्या विहिरीत जाऊन बसते.

वाळवंटी_वाटसरू

अमिरातीतही तेच, परवान्याशिवाय नाही. नियम वरचेवर बदलतात, निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. इथे मोकळे दिसणारे उंटही कुणाच्या तरी मालकीचे असतात, त्यांच्या मागे गाडी लावू नका.

सातासमुद्रापार

एक शंका. भर दुपारी ३०० च्या लेन्सने काढलेले माझे सगळे फोटो मऊ आलेत. लेन्स खराब आहे का? विकायचा विचार करतोय.

काचकाम

विकू नका. महिन्यातून दोनदा तरी कुणीतरी अशी धडधाकट लेन्स माझ्या टेबलावर आणून ठेवतं. तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते, लांबच्या फोटोत ती थरथरच रेकॉर्ड होते. दुप्पट किमतीची लेन्स लावली तरी तेच येईल. सकाळी लवकर काढा किंवा विषयाच्या जवळ जा. तरीही शंका असेल तर घरात भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढा. अक्षरं नीट आली तर लेन्स ठणठणीत.

बॅटरीचंही सांगून ठेवतो. बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच वापरायचे असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. उन्हात उभ्या बंद गाडीत पारा त्याच्या खूप वर जातो. बॅटऱ्या डॅशबोर्डवर ठेवू नका. काळ्या कॅमेऱ्यावर पांढरा पंचा टाका, हात भाजत नाही आणि आतली इलेक्ट्रॉनिक्सही गार राहतात.

मोरपंखी

थारकर दादा, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. खुरीला एक रात्र, समला एक, असं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, पहाटे धोऱ्यावर त्याही येणार, कानटोपी घालून. शेवटचा प्रश्न: ट्रायपॉड नवा आहे, पिळून घट्ट करायच्या कुलपांचा. वाळूत घातला तर परत आल्यावर काय करू?

थारकर

आणि सकाळी बूट झटकून घालायचे, सगळ्यांनी. थंडीत विंचू-फुरसं फारसं बाहेर नसतं, पण बूट झटकायला पैसे लागत नाहीत.

काचकाम

मोरपंखी ताई, तिथे असताना सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढा आणि वरचे भाग लागतील तेवढेच. बहुतेक लोक उलटं करतात. खालचा भाग बाहेर असला की कुलूप वाळूच्या वर राहतं. वाळूतून काढल्यावर तो लगेच आत सरकवू नका, आधी पुसा.

घरी आल्यावर पाय सुटे करा. पिळायची कुलपं पूर्ण उघडतात, आत प्लास्टिकच्या दोन-तीन पट्ट्या असतात, त्या कुठल्या क्रमाने बसल्यात त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. सगळं बादलीत गोड्या पाण्यात बुडवा, जुन्या टूथब्रशने आटे घासा, सावलीत दोन दिवस वाळवा. डोकं, म्हणजे वर कॅमेरा बसतो ते, पाण्यात घालू नका, ते फक्त ब्रशने. आट्यांना ग्रीस लावायचा मोह होईल. लावायचंच असेल तर अगदी पुसट हात, कारण जास्तीच्या ग्रीसला पुढच्या वेळची वाळू चिकटते. लिवावाल्यांनी सबखावरून आल्यावर हे त्याच दिवशी करावं. मीठ ॲल्युमिनियम खातं.